पहिली खबर देणारीचे नव्वद रुपये : पूर्व विदर्भातल्या एका गावातलं बर्ड फ्लूचं प्रकरण

२०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. पुढच्या महिन्यात कारण कळलं, एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू. माझ्या ओळखीतल्या अर्ध्या लोकांनी मला फोन करून एकच विचारलं, "वाघाला कोंबडीचा रोग कसा काय?" उत्तर देता देता २०२१ ची वही काढली. तेव्हा मी धानपट्ट्यातल्या एका पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी होतो. एक पर्यवेक्षक, एक परिचर आणि अठरा गावं. त्यातल्या एका गावाची ही हकीकत. माणसांची ओळख पटू नये म्हणून नाती, अंतरं आणि आकडे थोडे बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि आमच्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

गाव वैनगंगेच्या खोऱ्यातलं, पावणेदोनशे घरांचं. गावाला लागूनच मामा तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळात बांधलेला. हिवाळ्यात त्यावर उत्तरेकडची बदकं उतरतात. गावातल्या चार-पाच घरी पाळीव बदकं आहेत. ती सकाळी तलावावर जातात आणि सांजेला आपापल्या अंगणात परततात. कोंबड्या तर जवळपास घरोघर. दहा, पंधरा, कुठे पंचवीस. रात्री खुराड्यात नाहीतर डालग्याखाली, आणि दिवसभर उकिरड्यावर, तनसीच्या ढिगात, धान कापून झालेल्या बांध्यांमध्ये. रानबदक, पाळीव बदक, कोंबडी आणि माणूस यांच्यात तिथे कुंपण नाही. बदकाच्या पोटात हा विषाणू असला तरी बदक बऱ्याचदा ठणठणीत दिसतं. ते घरी येतं, अंगणात शिटतं, आणि मरते शेजारची कोंबडी.

गावरान कोंबडी ही घरातल्या बाईची पेटी असते, हे इथे सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बचत गटाचा हप्ता, पोरीची वही, अवचित आलेला पाहुणा, सगळं त्या पेटीतून निघतं. धानाचा पैसा नवऱ्याच्या हातात येतो, कोंबडीचा बाईच्या. बाजारात गावरान कोंबडी तीन-चारशेला सहज जाते.

त्या जानेवारीत दोन गोष्टी एकदम जुळून आल्या. १५ जानेवारीला ग्रामपंचायतीचं मतदान होतं. सरपंचपदाची सोडत निकालानंतर निघायची होती, त्यामुळे गावाला सरपंच नव्हता, प्रशासक होता, आणि त्यांच्याकडेही अनेक गावं. प्रचाराच्या रात्री रस्सा शिजतच होता. कोंबड्या घेणारे मोटारसायकलवाले, मागे पिंजरा बांधून, दिवसातून दोनदा फेऱ्या मारत होते. याच आठवड्यात परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निश्चित झाल्याची बातमी आली. गावानं ती ऐकली आणि सोडून दिली. त्यालाही कारण होतं. आदल्या वर्षी, २०२० च्या फेब्रुवारी-मार्चात, कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो ही अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती आणि शेडवाल्यांनी पक्षी कवडीमोलानं विकले होते. "मागच्या साली बी असंच म्हणत होते जी," हे वाक्य मी त्या पंधरवड्यात किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही.

समस्या : पहिले पाच दिवस

१८ तारखेला, सोमवारी, गाव निकालाच्या गुलालात असताना मला फोन आला. फोन करणाऱ्या बाईंना आपण मावशी म्हणू. बचत गटाच्या सदस्य, घरी सून आणि सहा वर्षांचा नातू. "साहेब, दोन दिसापासून कोंबड्या मरून रायल्या. बावीस होत्या, पाच गेल्या. काल रातच्याले बऱ्या होत्या, सकाळी डालगं उचललं तं गार."

मी गेलो. दोन कोंबड्या माना टाकून बसलेल्या, हिरवट-पांढरी हगवण. पाहता क्षणी डोक्यात आलं ते मानमोडी, म्हणजे राणीखेत. हिवाळा सरताना आमच्या भागात ही मर दरवर्षी लागते, आणि हजार वेळा पाहिलेलं पुन्हा दिसलं की डोळा तिथेच थांबतो. मेलेल्या कोंबडीचा तुरा निळसर-जांभळा होता, पायांच्या खवल्यांखाली लाल डाग होते. हे मी पाहिलं आणि वहीत लिहिलंसुद्धा. पण जे लिहिलं त्याचा विचार केला नाही.

त्या दुपारी मी दोन गोष्टी केल्या. दोन्ही चुकीच्या.

एक, मावशींच्या अंगणातच, बाभळीखाली पोतं अंथरून मेलेली कोंबडी फाडून पाहिली. हातात मोजे होते, तोंडाला मास्क होता. मास्कही कोरोनामुळे खिशातच असायचा म्हणून. नातू दोन हात अंतरावर उकिडवा बसून बघत होता. बर्ड फ्लूची जराही शंका असेल तर पक्षी गावात फाडायचा नसतो. बोळ्याने नमुने घ्यायचे नाहीतर अख्खा पक्षी नीट बांधून पाठवायचा, हे मी प्रशिक्षणात ऐकलेलं होतं. पण मला शंका नव्हती ना.

दुसरी चूक मोठी. मी आणि पर्यवेक्षकानं सोमवार-मंगळवार मिळून बावीस घरच्या कोंबड्यांना राणीखेतची लस टोचली. चांगल्या हेतूनं. त्याच चपला, तीच पेटी, या अंगणातून त्या अंगणात, आणि सुई प्रत्येक घरी बदलली असं मला शपथेवर सांगता येणार नाही. लस निरोगी कळपाला द्यायची असते. मर सुरू झाल्यावर घरोघर फिरणारा लस टोचणारा माणूस त्या मोटारसायकलवाल्या व्यापाऱ्यापेक्षा फारसा वेगळा नसतो.

२० तारखेला सकाळी गावच्या आशा कार्यकर्तीचा, आशाताईंचा, फोन आला. तलावाच्या पाळीवर तीन कावळे मरून पडले होते आणि मावशींकडे आणखी सहा कोंबड्या गेल्या होत्या. आशाताईंनी त्यांच्या परीनं सरळ विचारलं, "साहेब, कावळ्याले बी मानमोडी होते का जी?"

तेव्हा कुठे मी वहीतलं आधीचं पान उलटलं.

समोरचे पर्याय

नमुने घ्यायचे यावर वादच नव्हता. त्याच दुपारी पाच घरच्या कोंबड्यांच्या घशाचे आणि गुदद्वाराचे बोळे घेतले, एक कावळा आणि दोन मेलेल्या कोंबड्या तिहेरी पिशवीत बांधल्या, बर्फात ठेवल्या. नमुने पुण्याच्या रोग अन्वेषण विभागामार्फत भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात. तिथलं उत्तर येईपर्यंत बर्ड फ्लू 'निश्चित' होत नाही. निश्चित झाल्याशिवाय पक्षी मारता येत नाहीत. प्रश्न होता मधल्या दिवसांचा.

पहिला पर्याय, निकालाची वाट पाहणं. नियमानं कोणी बोट ठेवलं नसतं. शनिवारी आठवडी बाजार होता, रविवारी पलीकडच्या जंगलात चोरून कोंबडा बाजार भरायचा होता. झुंजीवर बंदी आहे, तरी आमच्या पट्ट्यात हिवाळाभर तो भरतो हे पोलीस पाटलालाही ठाऊक असतं. वाट पाहिली असती तर या गावचे पक्षी दोन दिवसांत दोन ठिकाणी शेकडो पक्ष्यांत मिसळले असते.

दुसरा, लगेच वर कळवून संशयित क्षेत्र जाहीर करवून घेणं. २००९ चा प्राण्यांमधल्या संसर्गजन्य रोगांचा कायदा याला पुरेसा आहे: कळवण्याची जबाबदारी मालकावर आहे, ग्रामपंचायतीवर आहे, आमच्यावर तर आहेच, आणि जिल्हाधिकाऱ्यांना हालचाल थांबवता येते. अडचण अशी की निकाल उलटा आला तर बाजार बुडाल्याची सगळी ओरड माझ्यावर येणार होती. एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं मला प्रेमानंच सांगितलं, "घाई करू नको, मानमोडी निघाली तर हसं होईल." हे वाक्य मी त्यांच्या नावावर ढकलत नाही. माझ्याही मनात तेच होतं, म्हणून तर ते ऐकू आलं.

तिसरा पर्याय एका नवनिर्वाचित सदस्यानं सुचवला. कोणाला न सांगता मेलेले पक्षी पुरून टाकू, उरलेले विकून टाकू, विषय मिटला. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं गणित मांडलं होतं, आणि ते गणित सरकारनंच त्याच्या हातात दिलं होतं. तेव्हाचे भरपाईचे दर असे: आठ आठवड्यांवरच्या अंडी देणाऱ्या पक्ष्याला ९० रुपये, त्याखालच्याला २०; सहा आठवड्यांवरच्या मांसल पक्ष्याला ७०, त्याखालच्याला २०; अंड्याला ३ रुपये, नष्ट केलेल्या खाद्याला किलोमागे १२. आणि ही भरपाई फक्त सरकारनं मारलेल्या पक्ष्याची. रोगानं मेलेल्याची नाही. म्हणजे जो लवकर सांगेल त्याचे पक्षी निकालाची वाट पाहत मरतील आणि त्याला काही मिळणार नाही. जो लपवेल तो बाजारात चारशे कमावेल.

आम्ही दुसरा पर्याय घेतला. पण तो घेताना एक दिवस घालवला. २० ला संध्याकाळी अहवाल लिहून ठेवला, पाठवला २१ ला दुपारी. मधली रात्र मी राणीखेतच्या लक्षणांचं पुस्तक चाळत काढली, स्वतःला बरोबर ठरवण्यासाठी.

काय केलं

दहा किलोमीटरच्या सतर्क क्षेत्राचा आदेश २२ ला रात्री निघाला. शनिवारचा बाजार भरला, पण कोंबड्यांची ओळ उठवली गेली. कोतवालानं दवंडी दिली. मोटारसायकलवाल्या तीन व्यापाऱ्यांना मी स्वतः भेटलो. त्यांना आदेश दाखवून उपयोग नव्हता. गेल्या सात दिवसांत कुठून कुठून माल घेतला हे विचारलं तेव्हा ते बोलते झाले, आणि त्या यादीतली दोन गावं आम्हाला माहीतच नव्हती. व्यापाऱ्याला आरोपी धरलं की तो गप्प बसतो. वाटाड्या धरलं की नकाशा देतो.

२५ तारखेला भोपाळचं उत्तर आलं. पाचपैकी तीन घरं आणि कावळा, एच५एन१.

दुसऱ्या दिवशी २६ जानेवारी. झेंडावंदनाला सगळं गाव शाळेच्या पटांगणात आपणहून जमणार होतं. त्याच गर्दीत सांगायचं की घरोघर जाऊन, यावर आमच्यात चर्चा झाली. गर्दीत भीती पसरते असं एकाचं म्हणणं. मला वाटलं, घरोघर सांगितलं तर पहिल्या घराला कळेपर्यंत शेवटच्या घरच्या कोंबड्या सासुरवाडीला पोचलेल्या असतील. पटांगणातच सांगितलं. 'जनगणमन' झाल्यावर वैद्यकीय अधिकारी आधी बोलले, मी नंतर.

पहिला प्रश्न अपेक्षित होता आणि बिनतोड होता. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमीच म्हणता शिजवून खाल्लं तं काई होत नाई. मंग मारता काहून?" उत्तर असं की ७० अंशावर हा विषाणू मरतो, आपला रस्सा त्याच्या कितीतरी वर उकळतो. धोका ताटात नाही. तो कापताना, पिसं काढताना, आतडी धुताना आहे, आणि मरायला टेकलेल्या कोंबडीला छातीशी धरून पाणी पाजताना आहे. ही कामं कोण करतं? बायका आणि पोरं. जगभरात २००३ पासून तोवर एच५एन१ झालेल्या माणसांपैकी निम्म्याहून थोडे जास्त दगावले होते. त्या जानेवारीत भारतात माणसाला एच५एन१ झाल्याची एकही नोंद नव्हती, त्यामुळे "इथे कोणाले झाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा महिन्यांनी हरियाणाचा अकरा वर्षांचा मुलगा दिल्लीत गेला. २०२५ च्या मार्चात आंध्रातली दोन वर्षांची मुलगी. तेव्हा मला फक्त मेळघाटातलं १७ महिन्यांचं बाळ आठवत होतं. त्याला २०१९ मध्ये पक्ष्यांचाच दुसरा, सौम्य फ्लू, एच९एन२, झाल्याचं निघालं होतं, आणि ते बरं झालं होतं. मी तेच सांगितलं. आपल्याच विदर्भातलं आहे म्हटल्यावर पटांगण जरा शांत झालं.

मग आली कंपास कुठे टेकवायची ही गोष्ट. बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरपर्यंतचे सगळे पक्षी मारायचे आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची असा नियम. २००६ मध्ये नवापूरला, देशातल्या पहिल्या बर्ड फ्लूच्या वेळी, मारायचा घेर तीन किलोमीटरचा होता. मी तेव्हा नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकत होतो आणि तिथल्या गोष्टी ऐकल्या होत्या. आता घेर एकावर आला होता, म्हणून प्रत्येक मीटरला किंमत आली होती. गावाबाहेर एका तरुणाची बाराशे मांसल पक्ष्यांची शेड होती. मावशींच्या घरापासून ती ११०० मीटरवर. बाधित आलेल्या तिसऱ्या घरापासून ९२० वर. मावशींचं घर केंद्र धरलं की शेड वाचत होती, आणि तसं धरावं असं दोन-तीन वजनदार माणसांनी सुचवलं. आम्ही तिसऱ्या घरावरून मोजलं. नियमाचा अर्थ तोच होता. पण त्या रात्री झोप लागली नाही हेही खरं. शेडमधले पक्षी ३४ दिवसांचे, म्हणजे भरपाई वीस रुपये. तेवढ्या वयात एका पक्ष्यानं तीन किलोच्या आसपास खाद्य खाल्लेलं असतं. पिल्लाची किंमत वेगळीच.

त्याच रात्री दहाला मी एकटा शेडवर गेलो. पिकअप उभी होतीच. मी काही बोललो नाही, गाडीच्या बोनेटवर बसून राहिलो. थोड्या वेळानं तो म्हणाला, "हे आज रातच्याले बाजारात गेले असते ना साहेब, तं तुमी काय केलं असतं सांगा." आम्ही शिल्लक खाद्याची पोती मोजली. पंचनाम्यात येणारी ती एकच गोष्ट होती जिची भरपाई बाजारभावाच्या थोडी तरी जवळ जात होती. पिकअप रिकामी परत गेली. पोलीस बोलावले असते तरी ती रिकामीच गेली असती, पण पुढच्या रोगाच्या वेळी त्यानं मला फोन केला नसता.

२६ च्या दुपारपासून २७ च्या संध्याकाळपर्यंत काम चाललं. गावातले सहाशेच्या आसपास पक्षी आणि शेडमधले बाराशे. खड्ड्यासाठी ग्रामपंचायतीनं दाखवलेली पहिली जागा तलावाखालची होती. पाच फुटांवर पाणी लागलं. ती बुजवून गावाच्या वरच्या अंगाला, मुरमाड गायरानात, दोन मीटरचा खड्डा खणला. चुना, पक्षी, चुना, माती. हा खड्ड्याचा घोळ आम्हाला अर्ध्या दिवसाला पडला. जागा निकालाआधी पाहून ठेवता आली असती. पीपीई किटांची मात्र ददात नव्हती, कोरोनाची कृपा. पथकातल्या सगळ्यांना ओसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध सुरू झालं, मलाही. मी बाभळीखाली कोंबडी फाडली होती हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगितलं तेव्हा ते नुसते माझ्याकडे पाहत राहिले.

आशाताईंनी दहा दिवस रोज घरोघर ताप विचारला. दोघांना निघाला. त्यातला एक मावशींचा नातू. त्याची आई त्याला दवाखान्यात न्यायला तयार नव्हती. नाकात काडी घालतील, कोरोना म्हणतील आणि घेऊन जातील ही भीती. शेवटी आशाताई स्वतःच्या गाडीवर त्याला घेऊन गेल्या, आणि आधी स्वतःच्या नाकात काडी घालून घेतली. दोन्ही नमुन्यांत काही निघालं नाही. हंगामी सर्दीताप होता.

परिणाम

दहा किलोमीटरच्या आत दुसरं गाव बाधित निघालं नाही. नाल्या, खुराडी, भिंती धुण्याच्या सोड्यानं, लिटरला सात ग्रॅम, पंधरा-पंधरा दिवसांनी तीनदा फवारल्या. थंडीत हा विषाणू विष्ठेत महिनाभर टिकू शकतो, विदर्भाच्या उन्हात आठवडाभरही कठीण. एप्रिल लागला तेव्हा पहिल्यांदा उकाड्याचं बरं वाटलं. तीन महिन्यांच्या पाळतीनंतर नवे पक्षी आणायला परवानगी मिळाली.

याला यश म्हणावं तर त्यात नशिबाचा वाटा किती, हे मला वीस दिवसांनी कळलं. झुंजीचा एक कोंबडा २५ च्या रात्रीच, निकालाची कुणकुण लागताच, पिशवीत घालून चौदा किलोमीटरवरच्या सासुरवाडीला गेला होता. तिथे तो ठणठणीत होता. तो आजारी असता तर हे प्रकरण मी लिहिलं नसतं, दुसऱ्या कोणीतरी माझ्यावर लिहिलं असतं.

आणि भरपाई. लपवलेल्या कोंबड्या माळ्यावरून, पाटीखालून, एक तर चक्क धान्याच्या कणगीतून निघाली. मावशींच्या शेजारणीनं आमच्या पहिल्या फेरीला "आमच्या घरी नाईच जी" म्हणून सांगितलं होतं. २६ ला तिच्याकडे सतरा धडधाकट पक्षी मिळाले. सतरा गुणिले नव्वद, पंधराशे तीस. मावशींच्या बावीसपैकी त्या दिवशी जिवंत होती एक. नव्वद रुपये. सबंध गावात सगळ्यात आधी फोन केलेल्या बाईला सगळ्यात कमी पैसे मिळाले, आणि नियमाप्रमाणे ते बरोबर होतं.

पंचनाम्यावर अंगठा-सही घेताना त्या म्हणाल्या, "मी सांगतलं म्हणून मेल्या काय जी माह्या कोंबड्या?" मी सांगितलं की नाही, त्यांनी सांगितलं म्हणून गाव वाचलं. त्यांनी मान हलवली. समजूत पटल्याची ती मान नव्हती.

ते नव्वद रुपयेही त्यांच्या हातात गेले नाहीत. पंचनाम्याच्या तक्त्यात 'पशुपालकाचे नाव' असा रकाना होता आणि आम्ही सवयीनं कुटुंबप्रमुखाचं नाव आणि त्याचंच पासबुक लिहीत गेलो. पैसे उन्हाळ्यात जमा झाले ते नवऱ्यांच्या, दिरांच्या, मुलांच्या खात्यात. मावशींचे त्यांच्या मुलाच्या खात्यात, आणि तो तेव्हा हैदराबादला कामावर होता. बायकांची पेटी आम्ही फोडली आणि त्यातलं जे परत दिलं ते दुसऱ्याच खिशात घातलं. हे माझ्या लक्षात आणून दिलं गटाच्या सचिव बाईंनी, जूनमध्ये, चांगल्याच शब्दांत.

पुन्हा वेळ आली तर

काही गोष्टी मी नंतर बदलल्या, काही माझ्या हातातल्या नाहीत.

मर लागल्याचा फोन आला की गावात शिरण्याआधी आता मी फोनवरच तीन गोष्टी विचारतो: तुरा कसा दिसतो, कावळे-बदकं मेलीत का, आणि दोन दिवसांत किती गेल्या. एका रात्रीत चौथा हिस्सा गेला असेल तर लसीची पेटी दवाखान्यातच राहते. नमुना आधी, लस नंतर. मानमोडी निघाली तर चार दिवस उशीर झाला एवढंच. हसं झालं तर झालं. लसीकरण मी आता पावसाळ्यानंतर उरकतो, मर लागायच्या आधी, आणि एका दिवसात एकाच टोल्यात.

कावळ्यांबद्दल विचारणारी बाई प्रशिक्षित पशुवैद्य नव्हती, आशा होती. माझा दोन दिवसांचा उशीर तिनं एका प्रश्नात संपवला. तेव्हापासून आशा, शाळेतले मास्तर आणि तलावाचा ठेका घेतलेल्या मच्छीमार संस्थेची माणसं, एवढ्यांचे नंबर मी प्रत्येक गावच्या पानावर लिहून ठेवतो. तलावावर पहाटे कोण असतं? तेच असतात. पाणपक्षी मेला की त्यांना आधी दिसतो. पाळीव बदकं हिवाळ्याचे तीन महिने अंगणात कोंडून ठेवा असं सांगून पाहिलं, जमलं नाही. बदक कोंडलं की खायला घालावं लागतं. दोन घरांनी बदकं विकली, बाकीची अजून तलावावर जातात.

पंचनाम्यात आता मी विचारतो, "कोंबड्या कोणाच्या?" नवरा "आमच्या" म्हणतो. मग पुन्हा विचारतो, "दाणे कोण टाकतं?" नाव तिचं लिहितो, खातं तिचं. बहुतेकींचं जनधन खातं असतंच.

भरपाईचा नियम माझ्या हातात नाही. दर कितीही वाढवले, तरी मेलेल्या पक्ष्याला शून्य असेल तोवर सांगणारा तोट्यात राहणार. पहिला फोन करणाऱ्याच्या बाबतीत फोनच्या दिवशी मोजलेले पक्षी धरावेत, अशी सूचना मी दोनदा लेखी दिली आहे. उलट बाजूही मला समजते. मेलेले पक्षी धरले तर कोणत्याही कारणानं मेलेल्या कोंबडीला बर्ड फ्लू व्हायला वेळ लागणार नाही. पण फोनची तारीख आणि पर्यवेक्षकानं त्याच दिवशी केलेली मोजणी यात फार लबाडीला जागा राहत नाही.

२०२१ च्या जुलैत बचत गटातल्या बायकांनी आपसांत ठरवून मावशींना प्रत्येकी एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, दिली. अकरा झाल्या. शेजारणीनं दोन दिल्या. पुढच्या हिवाळ्यात, डिसेंबरात, त्याच गावातून फोन आला. मावशींचाच. "साहेब, पाळीवर दोन बगळे मेलेत. कोंबड्या अजून चांगल्या हायेत. आता मोजून जा."

मी गेलो, आधी कोंबड्या मोजल्या, तारीख टाकली, दोघांनी सह्या केल्या. मग बगळे उचलले. त्यात काही निघालं नाही. बहुधा रब्बीच्या फवारणीचं पाणी. तो कागद माझ्या वहीत अजून आहे. सरकारी दृष्टीनं त्याला काही किंमत नाही.